माझी मान आणि दत्तूचं आयोडीन

माणसाचा मान वाढला तर घरात गोडधोड होतं. माझी मान वाढली, आणि घरात आयोडीन आलं.

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मलाच तिचा कंटाळा आला आहे. पण दर शिमग्याला मुंबईचा कोणीतरी पाहुणा ओटीवर येऊन बसतो, पान जुळवतो आणि म्हणतो, "आजोबा, ती निळ्या गळ्याची सांगा." आपण नाही सांगितली तर दुसरे सांगतात, आणि त्यात नसलेलं घालतात (एकाने तर मला शेवटी मारूनसुद्धा टाकलं होतं). म्हणून एकदाच काय ती लिहून ठेवतो. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत, आणि तीसुद्धा मास्तरांना मान्य नव्हती. तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं ज्याचं त्याने बघून घ्यावं.

आमचं गाव नाटे गावाजवळ, समुद्राला खेटून. मिठाची चळवळ होऊन गेली त्यानंतरचे दिवस. घरचा मचवा होता, थोडी भातजमीन होती, पण खरी इस्टेट म्हणजे शिमग्यात ग्रामदेवीची पालखी उठते तिचा पहिला खांदा. तो आमच्या घराचा मान. आजोबांनी दिला, वडिलांनी दिला, मग मी. त्याला अट एकच, खांदा देणाऱ्याच्या अंगात व्याधी नको. तशी निघाली तर मान चुलतघरी जातो. चुलतघर म्हणजे माझा चुलतभाऊ भिवा. हा भिवा मला रोज सकाळी मधल्या दगडी गडग्यावरून विचारायचा, "दादा, बरा हायस ना?" गावाला त्याच्या मायेचं कौतुक. मला त्यातला अर्थ कळायचा.

त्या वर्षी मी पालखीसाठी नवा सदरा शिवायला टाकला. पांढरं मांजरपाट, उभी गळपट्टी, गळ्याशी एक बटण. शिंपी म्हणाला, कापड कोरं आहे, आधी पाण्यातून काढू, नाहीतर मागाहून आटेल. मी त्याला सांगितलं, मचव्याची शिडं मी हाताने शिवतो, मला कापड शिकवू नकोस. सदरा आला, बेताचा बसला. मग बायकोने तो धुतला, भाताच्या पेजेची दाट खळ दिली आणि कडकडीत वाळवला. शिमगा जवळ आला तसा मी तो अंगात घातला आणि बटण लावायला गेलो, तर बटण एकीकडे, काज दुसरीकडे, आणि मधे माझा गळा!

"कापड आटलाय," बायको म्हणाली.

"कापड आटलं असतं तर बाह्याही आटल्या असत्या."

"बाह्या तुमी दुमडून घालता. कळणार कसा?"

आता कापड आटलं म्हणायचं तर शिंप्याचं खरं होणार. ते मला परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा सगळ्या बाजूंनी विचार करून मी असं ठरवलं की माझी मान वाढली आहे.

पालखीआधी देवळात गावकीची बैठक बसली. मी बटण उघडं टाकून गेलो. भिवाने तिथल्या तिथे हेरलं. "दादा, गळ्याला वारा घेतोस वाटतां," म्हणाला. मी तोऱ्यात सांगून टाकलं, "वारा कसला? मान वाढली आहे." सगळ्यांनी माना पुढे काढून माझ्या गळ्याकडे बघितलं. एकाने घाटावर पाहिलेल्या एका म्हातारीचं वर्णन केलं, तिच्या गळ्याखाली हापूसएवढी गाठ लोंबत होती म्हणे. दुसऱ्याने तिचं नारळाएवढं केलं. भिवा खाली मान घालून दुःख करत बसला. शेवटी आबा गावकर, गावातले वडीलधारे, त्यांनी निवाडा दिला, "पालखीच्या दिवशी हाच सदरा घालून ये. बटण लागलां तर खांदा तुझा. नाय लागलां तर भिवाचा."

म्हणजे तीन पिढ्यांचा मान एका बटणावर येऊन टांगला.

आणि नेमका तेव्हाच आमचा मेहुणा दत्तू मुंबईच्या आगबोटीतून मुसाकाजीच्या बंदरात उतरला. दत्तू मुंबईला एका दवाखान्यात कामाला होता. तिथे तो बाटल्या विसळायचा. बोट बंदराला लागली की कंपाउंडर व्हायचा. त्याने माझी मान दोन्ही हातांनी चाचपली, डोळे मिटले, हुंकार दिला आणि म्हणाला, "भावजी, गलगंड. पण सुरुवात आहे." मग ट्रंकेतून एक तपकिरी बाटली काढली. शरीरात आयोडीन कमी पडलं की मान सुजते, म्हणाला. आणि आजाराचंच कशाला, मुंबईत शहाणी माणसं नुसती तब्येतीसाठीसुद्धा घेतात. ज्याला त्याला पाहिजेच ते.

बायकोने बुचाचा वास घेतला. "ह्यां औषध जखमेवर लावतात तां ना रे? पोटात घालायचा?"

"आतून थेंब दुधात, ताई. बाहेरून पिसाने लेप. दोन्हीकडून मारा झाला पाहिजे."

"आमी जन्मभर ह्याच्याशिवाय जगलो. तवा काय मेलेलो होतो?"

दत्तू माझ्याकडे बघून हसला, शिकलेला माणूस शिकलेल्याकडे बघून हसतो तसा. तेवढ्यावर मी विकला गेलो.

औषध सुरू झालं. पहिल्यांदा नाक वाहू लागलं. मग तोंडाची चव गेली. गेली म्हणजे काय, सगळ्याला एकच चव आली, पितळेची. बांगडा खावा तर पितळ, आमटी प्यावी तर पितळ, सुपारी चघळावी तर जणू तांब्याची कड चावतो आहे. दत्तू म्हणे, गुण येतो आहे. मान होती तेवढीच होती. मी रोज सकाळी सदरा चढवायचा, बटण ओढायचं, डोळे बाहेर आले की सोडायचं. गडग्यापलीकडून भिवा विचारायचा, "दादा, बरा हायस ना?" आणि मला उत्तर द्यायला श्वास नसायचा.

एक दिवस गाय आटली. दूध नाही म्हणून मी थेंब पेजेत टाकले. बघता बघता पेज निळी झाली. साधी निळी नव्हे, काळीनिळी, शाईच्या दौतीसारखी. बायको दोन पावलं मागे सरली.

"घाबरायचं नाही," दत्तू म्हणाला. "रोगाचं विष आहे ते. औषध खेचून बाहेर काढतंय."

"रोग ह्यांका. पेजेला कसला विष?"

दत्तूला तेवढ्यात बाहेर कोणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. ती पेज बायकोने भाकड म्हशीपुढे ठेवली. म्हशीने हुंगली आणि तोंड फिरवलं. म्हैस दुसरीपर्यंतसुद्धा शिकलेली नव्हती, हे इथे मुद्दाम सांगतो.

पालखी उद्यावर आली, बटण काही लागेना. संध्याकाळी बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "मी बटण जरा सरकवून देते. कोणाक कळणार नाय."

मी ताडकन उठलो. बटण सरकवून मिळवलेला मान मला नको, असं सांगितलं. आणखीही बरंच सांगितलं, त्यात आजोबा होते, वडील होते, देवी होती. ती गप्प राहिली. (ती गप्प राहिली की मी जिंकलो, असं मी संसारात फार वर्षं समजत होतो.)

सकाळी सदरा घातला, डोळे मिटले, बटण काजाशी नेलं, आणि ते लोण्यात बोट जावं तसं अलगद आत गेलं! मी पुन्हा काढून पुन्हा लावलं. लागलं. दत्तूला मिठी मारली. शेजारपाजाऱ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की आयोडीनासारखं औषध नाही, पोराबाळांना चालू करा. आणि दिवसभरात मान पुन्हा वाढायला नको म्हणून बाटलीत उरलं होतं तेवढं सगळं गळ्याभोवती थापलं आणि त्यावर कडक खळीची गळपट्टी घट्ट बसवली.

शिमग्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. देवळापुढे ढोल चालू झाले होते. आबा गावकरांनी पुढे येऊन माझ्या बटणाला बोट लावून पाहिलं. "लागलाय," म्हणाले. भिवाचं तोंड एवढंसं झालं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे एकदाच बघितलं. घाम मानेवरून वाहत होता. मी पालखीच्या दांड्याखाली वाकलो, खांदा लावणार, तेवढ्यात मागून भिवा म्हणाला, "दादा, तुझो गळो निळो पडलाय."

हा माझ्यावर जळतो आहे, असं मला वाटलं. पण मग आबांनीही बघितलं. मग सगळ्यांनी. गळपट्टी काळीनिळी, त्याखाली मान निळी, आणि निळे ओघळ छातीवर चाललेले.

आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. कोणीतरी म्हटलं, "पान लागलां!" आणि मला उचलून मांडवाखाली आडवा घातला. मी सांगत होतो मला काही झालेलं नाही. विष चढलं की माणूस असंच बरळतो, असं कोणीतरी समजावून सांगितलं. पलीकडून बायको ओरडत होती, "खळ हाय ती, खळ! पेजेची खळ!" पण ढोलांपुढे तिला कोण ऐकतो? जे जवळ होते त्यांनी तिला धरून बसवली, बिचारीचं भान गेलं म्हणाले. दत्तूला शोधलं. दत्तू नव्हता.

मग कडुनिंबाचा पाला आणला. विष अंगात भिनलं असेल तर निंब कडू लागत नाही, ही गावची परीक्षा. मूठभर पाला माझ्या तोंडात कोंबून आबांनी विचारलं, "कडू लागता?"

आता मी खोटं बोलणारा माणूस नव्हे. चावून बघितलं. पितळ.

"नाही," म्हटलं.

मिरची दिली. तीही पितळ. शिवाय नाकाडोळ्यांतून पाणी आधीपासूनच चालू होतं. आबांनी कपाळावर हात मारला.

जैतापूरच्या बंदरात एक डॉक्टर होते, तिकडे न्यायचं ठरलं. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. चार माणसं पाहिजेत, आणि पुढे भावकीतला माणूस पाहिजे. आबा म्हणाले, "भिवा, तू पुढे हो." भिवाने एकदा पालखीकडे बघितलं. एकदा माझ्याकडे बघितलं. पालखी खोळंबून चालत नाही, त्यामुळे तिचा पहिला खांदा तिसऱ्याच घराला गेला, आणि भिवाने डोलीचा बांबू खांद्यावर घेतला. ढोलवाल्यांचाही घोटाळा झाला. अर्धे पालखीबरोबर गेले, अर्धे माझ्याबरोबर वेशीपर्यंत वाजवत आले.

डॉक्टरांनी माझी नाडी बघितली, पाय बघितले, मग गळपट्टी चिमटीत धरून हुंगली. "आयोडीन कोणी लावलं?" म्हणाले. आणि मग एकदम, "जेवणात काय असतं?"

"मासळी."

"रोज?"

"ताजी नसली तर सुकी."

ते खुर्चीत बसून हसायला लागले. बराच वेळ हसले. मी निंबाचा पाला थुंकत उभा. मग त्यांनी सांगितलं की आयोडीन समुद्रातच असतं, मासळीतून पोटात जातं. डोंगराळ मुलखात जिथे समुद्राचं काही पोचत नाही, मातीतही नसतं, तिथल्या माणसांना ते कमी पडतं आणि खरंच गळ्याला गाठी येतात. त्यांना द्यावं लागतं, तेही तपासून. "तुम्ही जन्मापासून समुद्रच जेवता आहात. तुम्हाला वर आणखी बाटली कशाला?"

"मग माझी मान?"

त्यांनी ती पुन्हा चाचपली. "मान उत्तम आहे. जरा ताठ आहे. त्याला औषध नाही."

"आणि मग बटण लागलं कसं?"

डॉक्टर काही बोलायच्या आधी दारातून बायको म्हणाली (ती डोलीमागे सगळी वाट चालत आली होती), "काल मी सरकवलां."

एवढं मात्र सांगतो, कापड आटलं हे मी अजून कबूल केलेलं नाही. सदरा पेटीत आहे. ज्याला पाहिजे त्याने बाह्या मोजून बघाव्या.

परत येताना मी चालत आलो. भिवा शेजारून खांदा चोळत चालला होता. वाटेत मला म्हणाला, "दादा, पालखी हलकी असता रे. तू लय जड." मी वाटेच्या कडेला थुंकलो. तोंडात अजून पितळच होतं.

लोक म्हणतात त्या वर्षी आमच्या घराचा मान गेला. म्हणोत. पहिला खांदा त्या वर्षीही आमच्याच घराण्यात राहिला. दिला भिवाने, वर मी होतो.