छताची ओली कड

त्याला सगळे छतवाला म्हणत. भिंती कुणीही रंगवाव्यात, छत मात्र त्यानेच, असा त्याचा दबदबा. लांब दांड्याला रोलर लावून खालून छत रंगवणाऱ्यांना तो हसायचा. म्हणायचा, "ते छत पुसतात, रंगवत नाहीत." स्वतः दोन शिड्यांवर फळी टाकून उभा राहायचा, मान मागे, उजवा हात डोक्याच्या वर, आणि ब्रशचा फटकारा चालू.

छताचा कायदा एकच. सुरू केलं की थांबायचं नाही. रंगाची कड ओली आहे तोवर पुढचा हात तिला भिडला पाहिजे. मध्येच उतरलात की कड वाळते, रेघ उमटते आणि ती रेघ मग घरमालकाला जेवतानासुद्धा दिसते. एकदा फळीवर असताना गांधीलमाशीने त्याच्या कानाचा समाचार घेतला. कान सुजून टम्म झाला, पण गडी उतरला नाही. छत पुरं केलं आणि मगच बोंबलला. तीस वर्षांत त्याच्या एकाही छताला रेघ नव्हती.

तर एके दिवशी हात वर नेताना कट् असा आवाज आला. त्याला वाटलं, फळी वाजली. संध्याकाळी त्याने फळी उलटीपालटी करून पाहिली, एक खिळा नव्याने ठोकला. दुसऱ्या सकाळी घरात सदरा चढवत होता. फळी बाहेर भिंतीला टेकलेली. आणि पुन्हा कट्.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी हात फिरवून पाहिला. म्हणाल्या, "खांद्याचा वरचा मोठा स्नायू तुमचा रोजच राबतो. सांधा जागेवर धरणारे आतले छोटे स्नायू दमलेत. त्यांना सांभाळा." त्यांनी रबराची पट्टी दिली. कोपर कुशीला टेकवून हात बाहेर फिरवायचा. पट्टी दाराला बांधून मागे खेचायची. हलकं वजन बाजूने उचलायचं, तेही खांद्याच्या रेषेपर्यंतच.

"बाई, असली पट्टी माझी नात वेणीला लावते."

"तिच्या वेण्या शाबूत आहेत ना? आणि दुखायला लागलं की थांबायचं. यानेही स्नायू वाढतो, दमादमाने."

थांबायचं हा शब्द त्याच्या कानात शिरलाच नाही. घरी येऊन त्याने ती पट्टी उंच खुंटीला टांगली आणि थेट व्यायामशाळा गाठली. तिथे नारळाएवढे खांदे पाहून त्याने मनाशी निकाल दिला. मोठा खांदा म्हणजे टिकाऊ खांदा. वजनाची दांडी मानेमागून डोक्यावर ढकलायची, हाच व्यायाम त्याने पसंत केला.

तिथले मास्तर म्हणाले, "काका, दिवसभर तुमचा हात वरच असतो. इथे तरी खेचायचं घ्या. आणि ढकलायचंच असेल तर हलकं, मानेपुढून."

"मास्तर, खांदा भरला की दुखणं त्यात बुडून जाईल."

चौथ्या-पाचव्या खेपेला आत कळ उठे. पण ओली कड सोडून उतरायची सवय कुठे होती? तो दहा पुऱ्या करायचा.

तीन महिन्यांत खांदा खरंच भरला. बायको म्हणाली, "सदरे उसवायचा पण केलाय की काय?" तो खूश. हात वर करून खांदा मिरवू लागला. तिने सहज त्यावर तळवा ठेवला आणि तिचं हसू मावळलं.

"आत वाळू फिरतेय," ती म्हणाली. "ओल आलेल्या भिंतीवर रंग चढवणाऱ्याला तुम्ही काय म्हणता हो?"

तो काय म्हणायचा, ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. त्याने हात खाली घेतला.

मग वाचनालयाचं मोठं दालन आलं. सकाळी त्याने सुरुवात केली. दर आठ-दहा फटकाऱ्यांना कट् होत होतं, त्या तालावर काम चाललं होतं. निम्मं छत झालं आणि आवाज बंद पडला. कळही गेली. त्याला वाटलं, चला, सुटलो. त्याने ब्रश बुडवला, हात उचलला. हात आला नाही.

त्याने डाव्या हाताने उजवं कोपर धरून वर ढकललं. एक फटकारा बसला. दुसरा वाकडा गेला. तिसऱ्याला ब्रश सुटून खाली पडला. डोक्यावर ओली कड चकाकत होती. किती वेळात वाळेल, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो फळीवर बसला आणि बघत राहिला. चकाकी एका टोकाकडून मरत आली.

बायको डबा घेऊन आली, तेव्हा रेघ पंख्याच्या पुढे सरकली होती.

"उतरा आता."

"अजून या टोकाला ओली आहे."

"आणि हात?"

तो एका हाताने शिडी धरत उतरला. दोघं घरी आली. दारात त्याने विचारलं, "ती पट्टी कुठेय?"

"तुम्ही टांगली तिथेच. मी हात लावला नाही."

खुंटी त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती. सवयीने त्याने उजवा हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.