पिंपातला बातमीवाला

मशीन ऑफिसचं आहे, कागद माझे. शनिवारी दुपारी सगळे गेले की मी अर्धा तास जास्त बसतो. टायपिंगचा वेग माझा चांगला आहे, पण हे लिहिताना बोटं एकमेकांत अडकतायत, कारण मला सगळं एकदम सांगायचंय. तर थांबा. आधी पेटी सांगतो, ताई तिच्यातच येईल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागलेलो. आई-वडील लवकर गेले. कल्याणात एका खोलीत मी आणि ताई, ताई प्राथमिक शाळेत मास्तरीण. कारखान्यातल्या एका इंजिनिअरसाहेबांकडे विलायती मासिकं यायची. त्यांत एकात चित्र होतं, माणसाच्या कमरेएवढी लाकडी पेटी आणि आत फक्त एक लाऊडस्पीकर. साहेब म्हणाले, रेडिओच्या चिमुकल्या डब्यात आवाज गुदमरतो, त्याला मोठं घर द्यावं लागतं. झालं, मला झोप येईना.

स्पीकर मिळाला मुंबईच्या जुन्या बाजारात, लढाईनंतर मिलिटरीचं सामान निघालेलं त्यातला, दहा इंची. कारखान्याची मशीनं ज्या खोक्यांतून आली त्यांच्या जाड फळ्या मिळाल्या. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी, म्हणजे बाळकुमहून कल्याणात येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या सुतारांनी, त्या रंधून पेटी जोडून दिली. पुढे स्पीकरचं तोंड, त्याच्याखाली एक आडवं भोक, मागची फळी आठ स्क्रूंवर, म्हणजे उघडता येते. रेडिओतून दोन तारा काढून पेटीला जोडल्या, लावलं, आणि ताईकडे बघत बसलो.

ताई खाली बसून मुलांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "हा बातमीवाला पिंपात का बसलाय रे?"

खरं होतं ते. प्रत्येक शब्दाला बुडाशी घुमारा. तबल्याचा डग्गा वाजला की तो डग्गा नाही, कोणीतरी रिकाम्या पिंपावर थाप मारतंय असं वाटायचं. मासिकात लिहिलेलं की फळ्या स्वतःच वाजतात, त्यांना गप्प करायचं. बोटाच्या पेरानं ठोकून बघायचं, जिथे टणटण आवाज येतो तिथे आतून आडवी पट्टी मारायची. मी ठोकायचो आणि ताई पेटीला कान लावून सांगायची, इथे पोकळ, इथे बरं. मग आतून नमदा, म्हणजे लोकरीचं जाड कापड, चिकटवला, सरस शिजवून. शिजवला आमच्याच स्टोव्हवर. दोन दिवस आमटीला सरसाचा वास येत होता. ताई म्हणाली, उद्या पोळ्या पण पेटीतच लाट. मग कापूस, थोडा थोडा, एक मूठ घाल, फळी लाव, ऐक, फळी काढ, अर्धी मूठ बाहेर. भोकावर पुठ्ठ्याची पट्टी सरकवून ते लहान-मोठं करायचं. एका संध्याकाळी मी ते आठ स्क्रू सहा वेळा काढलेत.

आणि परीक्षक एकच. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण रोज संध्याकाळच्या बातम्या लागल्या की लाल पेन्सिल थांबायची. अजून पिंपातच आहे. आज मान बाहेर काढलीये. आज कमरेपर्यंत. चैत्रात एकदा ती पेन्सिल ठेवून वळलीच, जणू मागून कोणी खोलीत आलंय. म्हणाली, "आला बाहेर." त्या दिवशी मी स्क्रू पक्के पिळले आणि पिळणं ठेवून दिलं माळ्यावर.

वैशाखात तिचं लग्न झालं, ठाण्याला. माणसं चांगली. रुखवतात द्यायला आमच्याकडे काय होतं? तिची गादी, माझी गादी, उशा, आईच्या हातच्या चार गोधड्या, तिची ट्रंक. ती म्हणत होती की तुझी गादी राहू दे. मी म्हटलं, घेऊन जा गं, मला चटई बस्स. एक उशी आणि एक फाटकी गोधडी तिनं हट्टानं मागे ठेवली, बाकी सगळं मी स्वतः टांग्यात चढवलं. आणि त्यावर हुशारी म्हणजे, मांडवातच भावोजींना सांगितलं की दिवाळसणाला या, असा आवाज ऐकवतो की तुम्ही दारात बघाल कोण आलं म्हणून. दिवाळसण माहेरचे करतात. माहेर म्हणजे मी, एक खोली आणि ती पेटी. दुसरं दाखवण्यासारखं होतं काय आमच्याकडे?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओ लावला. बातमीवाला पिंपात.

मला वाटलं माझे कानच थकलेत. आठ दिवसांनी पण तेच. मग पाऊस लागला, म्हटलं लाकूड फुगलंय, कापूस दमट झालाय. उघडीप मिळेल तेव्हा कापूस सुपात वाळवायचा आणि परत भरायचा. श्रावणात माझ्या उरलेल्या उशीतला कापूस पण आत गेला. भोकाची पट्टी इकडून तिकडे सरकवून पुठ्ठा मऊ पडला. थोडं बरं वाटायचं, पण खरंच बरं आहे का ते कोणाला विचारणार? आपलाच हात, आपलाच कान. शेजारच्या काकूंना बोलावलं तर त्या म्हणाल्या, छान मोठा येतो हो आवाज.

ठाणं काही लांब नाही, तासही लागत नाही. मी दोनदा गेलेलो. पण तिथे मी पाहुणा. ताई डोक्यावर पदर घेऊन पोहे आणायची, सासूबाई समोर बसायच्या, आणि मी पेटीतल्या घुमाऱ्याचा विषय कसा काढणार. तिनं एकदाच हळूच विचारलं, काय म्हणतोय तुझा माणूस? मी म्हटलं, मजेत.

दसऱ्यानंतर हात टेकले आणि मिस्त्रींना बोलावून आणलं. त्यांनी पेटी चहूबाजूंनी ठोकली. मग खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी भिंतीवर आपटून परत आली, मी पण ऐकली. दोरीवर माझा एक शर्ट, कोपऱ्यात चटईची गुंडाळी, बाकी चुना आणि फरशी.

"पेटीला काय बी नाय झालं," मिस्त्री म्हणाले. "खोली पोकल झाली तुमची. तवा गाद्या होत्या, लुगडी होती, बाय होती. आता आवाजानं बसायचं कुठं?"

म्हणजे अर्धी पेटी मी माझ्या हातानं टांग्यात चढवलेली.

आता गाद्या कुठून आणू? मग सुचलं, खोली बदलत नाही तर पेटी बदलू. ती फाटकी गोधडी घेतली, चौघडी करून आत मागच्या फळीला ठोकली. वर अजून कापूस कोंबला. भोक निम्मं बंद. चार संध्याकाळी गेल्या, आणि पाचव्या दिवशी बातमीवाला आला की बाहेर, अगदी स्वच्छ, समोर उभा. मी सांगायला मान वळवली. तिथे भिंत होती. मग काय, तसाच शेवटपर्यंत ऐकला, हवामानासकट.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी ताई आणि भावोजी आले. माझ्याकडे अंथरूण नाही हे तिला ठाऊक, म्हणून टांग्यातून दोन ट्रंकांबरोबर दोन वळकट्याही उतरल्या. तासाभरात दोरीवर तिची लुगडी, भिंतीशी गाद्या, खाली फराळाचे डबे. जावई बघायला काकू आल्या, त्यांची सून आली, वरच्या मजल्यावरचे दोघं आले. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. संध्याकाळची बातम्यांची वेळ. मी भावोजींना बरोबर समोर बसवलं आणि बटण फिरवलं.

बातमीवाला कोणीतरी उशीनं तोंड दाबल्यासारखा बोलला. बुडाचा आवाज तर आलाच नाही. भावोजी सभ्य माणूस, दाराकडे वगैरे काही बघितलं नाही, मान हलवत राहिले. काकू म्हणाल्या, आज लहान का हो येतो?

ताईनं लाडू वळायचे थांबवले. म्हणाली, "अरे, हा आता पांघरुणात शिरला."

मला तिथेच कळलं. ही पेटी मी एकट्या माणसाच्या खोलीसाठी लावलेली, आणि खोलीत आता सात माणसं. मिस्त्रींनी टाळी वाजवून समजावलेलं, तरी दिवाळीला खोली भरणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटं द्या. पिळणं आणलं, पेटी वळवली, सगळ्यांसमोर आठ स्क्रू काढले आणि फळी उघडली. उशीचा कापूस ढिगानं मांडीवर आला. मग गोधडी.

ताई उठून जवळ आली. गोधडीचं टोक हातात धरलं. आईनं घातलेला हिरव्या खणाचा तुकडा होता तिथे.

"ही कधी घातलीस आत?"

"दसऱ्यानंतर. हवा दमट होती ना."

"आणि तू काय पांघरतोस?"

मी म्हटलं, उकडतं गं अजून. पहाटे थंडी पडायला लागलेली, हे तिला काय सांगायचं. तिनं गोधडी झटकून घडी केली आणि माझ्या चटईवर ठेवली. कापूस तिनंच काढला, मूठ मूठ, आणि थोडा आत राहू दिला, चैत्रात होता साधारण तेवढा. मी पट्टी सरकवली, फळी लावली. बातम्या संपल्या होत्या. कोणीतरी गात होतं, डग्गा नीट डग्ग्यासारखा. भावोजींनी खरंच एकदा दाराकडे बघितलं. ताई भिंतीला टेकून बसली होती आणि पेटीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

पाडव्याच्या संध्याकाळी त्यांना जायचं होतं, भाऊबिजेला मीच ठाण्याला जाणार होतो. वळकट्या बांधताना ती म्हणाली, एक गादी राहू दे इथे. मी म्हटलं, सासूबाई विचारतील. ती हसली, म्हणाली, विचारू देत. गादी राहिली. दोन्ही ट्रंका आणि एक वळकटी मी टांग्यात चढवली.

एका गादीनं खोली भरत नाही. आठवडाभरात मी पेटी परत उघडली, कापूस परत घातला. गोधडी मात्र आत नाही घातली. त्यामुळे बातमीवाला कमरेपर्यंत पिंपातच असतो. ताई वर्षातून दोनदा येते, तेव्हा कापूस काढायचा, ती गेली की घालायचा. मागच्या फळीला आठ स्क्रूंची भोकं आहेत, मी आता चारच लावतो. उघडायला पटकन पडतं. मोठा आवाज केला की फळी जरा घरघरते. मिस्त्री म्हणाले, बाकीचे चार पण पिळून टाका. मी ते काडेपेटीत घालून रेडिओवर ठेवलेत.