बुधरीबाईच्या अंगणातला प्रश्न

वडशातल्या खुशालभाऊंच्या भरती क्लासमध्ये त्या दिवशी जे हसू फुटलं, तसं तिथल्या प्रसिद्ध नाटकवाल्यांनाही हंगामभरात मिळालं नसेल. आणि ते भाऊंनी स्वतःच्या हातानं छापून वाटलं होतं.

सराव पेपर काढायची त्यांची पद्धत सोपी होती. पुण्याकडचं एखादं गाईड घ्यायचं, प्रश्न जसेच्या तसे संगणकात उतरवायचे आणि बटण दाबून नावं बदलायची. सुरेशचा दसरू, आंब्यांची मोहफुलं. झाला आपल्या मातीतला पेपर! त्यामुळे छापून आलं ते असं : दसरूनं झाडावर चढून पाच डझन मोहफुलं तोडली आणि पेटीत गवत घालून पिकायला ठेवली.

धानोऱ्याकडच्या जंगलगावातली रंजीता उभी राहिली. तिनं अगदी शांतपणे विचारलं, "सर, मोह तर आपोआप खाली पडते जी. ह्या दसरूले झाडावर कोनं चढवलं?"

मोठी सराव परीक्षा तोंडावर आलेली, चामोर्शीपर्यंत पोस्टर लागलेली. भाऊ घाम पुसत गल्लीतल्या रश्मीकडे गेले. रश्मी कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवायची. तिनं तो पेपर वाचला, चहा सांडेपर्यंत हसली आणि मग तिचे डोळे असे चमकले की भाऊंना वाटलं, हिला ताप आला. सगळा पेपर आपण लिहून देऊ म्हणाली. अट एकच : गाईडातला एकही प्रश्न नको, नाव बदलूनसुद्धा नको. भाऊ म्हणाले, सगळे असंच तर करतात.

"दुसऱ्याच्या बांधीतलं धान आपल्या पोत्यात भरलं, तर पोतं आपलं होते भाऊ, धान नाई."

पुढचे दिवस भाऊंच्या मोटारसायकलनं कधी पाहिले नव्हते असे गेले. मागं बसलेली रश्मी मधेच पाठीत बोट खुपसायची, थांबा म्हणायची. रेल्वे फाटकात प्रश्न सापडायचा, राइस मिलच्या काट्यावर दोन सापडायचे. प्रत्येक प्रश्न आधी माणसांवर चालवून बघायचा हा तिचा नेम. चहावाल्याला विचारायची, भाऊंच्या बायकोला विचारायची. त्या विषयातला जाणता माणूसच अडखळला, तर दोष प्रश्नाचा, म्हणून फेकून द्यायची. भाऊ स्वतः इतक्यांदा अडखळले की त्यांना पुढं पुढं मोजताही येईना.

मग एका पहाटे ती भाऊंना घेऊन रंजीताच्या गावी गेली. मोहाचेच दिवस होते. रंजीताच्या आईबरोबर, बुधरीबाईबरोबर, दोघांनी वाकून फुलं वेचली. भाऊंची कंबर धरली, पण सकाळ होईतो तेही गोड वासानं खुळावले होते. अंगणात फुलं पसरताना बुधरीबाई सहज बोलून गेल्या, "चार टोपल्या आनल्या का एकच उरते, बाई. तीन तर ऊनच खाऊन जाते."

रश्मी टुणकन उठली. ओल्या फुलात पाणी किती, वाळल्यावर किती, तर वजन काय उरेल? तिनं तिथंच मातीत काडीनं आकडे मांडले. पाणी उडतं, पण फुलाचा गर तेवढाच राहतो, एवढ्याशा युक्तीवर सगळं गणित फिरत होतं. भाऊंनी चुकीचं उत्तर दिलं, रंजीतानं बरोबर, आणि रश्मीनं बुधरीबाईंचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. तेव्हापासून बुधरीबाईंनी गावभर सांगितलं की आमच्या अंगणातला मोह पेपरात येऊन राह्यला. रविवारी सराव परीक्षा होती, तिचा निकाल ऐकायला त्या स्वतः वडशाला येणार होत्या.

शनिवारी राइस मिलच्या रिकाम्या गोदामात सतरंज्या टाकून झाल्या. रश्मी पेपरावर शेवटचा हात फिरवत होती, एवढ्यात क्लासचा जुना पोरगा लोकेश धापा टाकत आला. भरतीच्या खऱ्या ऑनलाइन परीक्षेची पहिली पाळी तो नागपुरात देऊन आला होता. बाकीच्या पोरांची पाळी पुढच्या आठवड्यात. आठवले तेवढे प्रश्न त्यानं मोबाइलमध्ये उतरवून आणले होते.

भाऊ आनंदानं उडालेच. हे उद्याच्या पेपरात घालू, पलीकडचा क्लास बंदच पडेल! रश्मीनं मान हलवली. प्रश्न बाहेर सांगणार नाही असं लोकेशनं परीक्षेला बसताना कबूल केलं होतं, असं ती म्हणाली. आणि तिकडं दूर सिरोंच्यात क्लासशिवाय अभ्यास करणाऱ्या पोराजवळ कुठला लोकेश? त्यानं काय करायचं?

भाऊ हिरमुसले, पण मोबाइल काही हातातून सुटेना. घालत नाही, नुसता बघतो, असं म्हणत त्यांनी पहिलाच प्रश्न मोठ्यानं वाचला. द्राक्षं वाळवून मनुका केल्या. ओल्यात पाणी किती, वाळल्यावर किती, तर वजन काय उरेल?

भाऊंनी तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. मग भाऊ नाचायलाच लागले. हा तर आपला मोह! अगदी तीच युक्ती! चोरी नाही, नक्कल नाही, आपण अंगणात बसून काढलेला, आणि थेट खऱ्या परीक्षेत! रश्मी, तुले माहीत आहे का तू काय करून बसलीस?

रश्मीही हसली, अगदी कानापर्यंत. मग तिनं पेन उचललं आणि बुधरीबाईच्या अंगणातला प्रश्न आडवा खोडून टाकला.

भाऊंचा आवाज चिरकला. "काऊन खोडून राह्यली? तुहाच प्रश्न आहे तो! बुधरीबाई उद्या गाव घेऊन येऊन राह्यली, तिले काय सांगू?"

"सांगा, आता मले खरा पेपर मालूम हाय. आता ठेवला, तर तो माहा प्रश्न नाई, फुटलेला पेपर होते."