शिंपडलेले आणि बुडवलेले

आमच्या घरात बाप्तिस्म्याचे दोन प्रकार आहेत. आईवडिलांचा झाला तान्हेपणी, कोरेगावकडच्या जुन्या चर्चमध्ये, कपाळावर पाणी शिंपडून. माझाही तसाच. पण नोकरीसाठी सांगलीला आलो, नव्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, जाऊ लागलो आणि कळलं, तान्हेपणीचा बाप्तिस्मा इथं धरतच नाहीत. आधी कळत्या वयात विश्वास ठेवायचा, मग अख्खं पाण्याखाली जायचं. पंचविसाव्या वर्षी मी पाटात बुडून वर आलो आणि पुढं वर्षभर गावी गेलो की जेवताना वडिलांना पटवत राहिलो, की तुमचा बाप्तिस्मा शास्त्राप्रमाणे नाही. ते बरं म्हणायचे आणि आमटी वाढून घ्यायचे. शेतकरी माणूस, एकदाच चिडवलं: आमचं तुषार सिंचन, तुझं पाटपाणी, ऊस दोन्हीकडं येतो. मला ते फार उथळ वाटलं होतं.

वडील गेले आणि आई माझ्याकडे राहायला आली. रविवारी मंडळीत येऊ लागली. प्रभुभोजनात सगळ्यांना द्यायच्या द्राक्षरसासाठी तासगावचे मनुके भिजवून, कुस्करून रस गाळायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. रस तिचा, पण पेल्यांचा ट्रे तिच्यासमोरून पुढं जायचा, कारण ती बुडवलेली नव्हती. याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, मलाही नाही. उलट बाप्तिस्मा घे म्हणून मीच तिच्या मागं लागलो. शेवटी ती हो म्हणाली.

एका विश्वासणाऱ्याच्या उसाच्या रानातला हौद ठरला. मोटरीला लाइट दुपारी येणार, म्हणून स्वर्गदूतांनाही दुपारपर्यंत थांबावं लागलं. पांढरा झगा घालून आई काठावर उभी राहिली आणि तिनं विचारलं,

"आवं पास्टर, आमच्या मालकांना नुसतं शिंपडलं हुतं. त्ये कुठं असतील आता?"

पास्टर भला माणूस. म्हणाले, तारण विश्वासानं होतं, पाण्यानं नाही. ते प्रभूपाशीच आहेत, तुमची भेट होणार. मग बुडायचं कशाला, असं तिनं विचारलं. आज्ञा पाळायची म्हणून, लोकांपुढं साक्ष म्हणून, असं त्यांनी सांगितलं. उत्तर अगदी बरोबर होतं. मी स्वतः ते कितीतरी जणांना दिलंय.

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मला भयंकर लाज वाटली. हौद काठोकाठ भरलेला, मंडळी गाणं म्हणायला उभी. परतताना गाडीत मी तिच्यावर वैतागलो. म्हटलं, वडिलांना मध्ये आणू नकोस. माझ्या बाप्तिस्म्याला ते स्वतः आले होते, माझा टॉवेल धरून पाटाच्या काठावर उभे होते, एका शब्दानं त्यांनी विरोध केला नव्हता.

आई काचेबाहेर बघत म्हणाली,

"तुला काय बोलले न्हाईत. मला मातूर मरंपतुर इचारायचे, तान्ह्या पोराला आपण देवापुढं नेलं, त्यात आपलं काय चुकलं हुतं?"