माळ्यावरचं धाकटं

बाळांनो, काल फोनवर मागून येणारा फुसफुस आवाज कसला, असं तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. तुमचे बाबा पोटात होते त्या दुष्काळी वर्षी जयनगरच्या याच घराच्या माळ्यावर घुबडाची पिल्लं होती, एकाहून एक लहान. माझा जीव सगळ्यांत धाकट्यात गुंतला होता. घरामागची शेतं करपली, तसे उंदीरही संपले. एका तिन्हीसांजेला धाकटं दिसेना. मी अंगणभर शोधत राहिले. शेजारच्या कानडी अक्का कुंपणावरून म्हणाल्या, "सुम्ने (म्हणजे उगाच) शोधू नकोस गं. उंदीर मिळाले तर सगळी जगतात, नाहीतर धाकटं थोरल्यांच्या पोटात." मी वर पाहिलं. थोरल्याच्या चोचीला पांढरी लव चिकटली होती आणि त्यांची आई माझ्या पोटाकडे टक लावून बघत होती. यंदा माळ्यावर तशीच फुसफुसणारी पाच पिल्लं आहेत. आज सकाळी पाहिलं, अजून पाचही आहेत.