सूर्याचा सलग एक तास

सूर्यावरच्या काळ्या डागाकडे बघत बसणं हे माझं काम. खालून लाटा वर येतात, वायू विरळ होत जातो तसा त्यांचा जोर वाढतो, आणि शेवटी धक्का बसून डागाच्या पोटात पांढरा ठिपका चमकतो. साधारण दर तीन मिनिटांनी एक. दुर्बीण दूर डोंगरावर; मी भाट्ये गावातल्या आमच्या घरात, माडीवर, लॅपटॉपसमोर. नोंद सलग तासभर हवी, आणि डाग चौकटीत मलाच इथून धरून ठेवावा लागतो. मध्येच डाग चौकटीतून सरकला की केलंसवरलं पाण्यात.

बाबा खाली खाटेवर. जन्मभर मच्छीमार लाँचवर तांडेल होते, खलाशांना हुकूम सोडायची सवय. हृदय थकलं तरी हाका थकल्या नव्हत्या. उशी सरकव, पंखा कमी कर. खरं सांगते, मी वैतागले होते.

त्या सकाळी आभाळ लख्ख होतं, चित्र जराही थरथरत नव्हतं. अर्धा तास झाला असेल, आई जिन्यातून म्हणाली, "ये गो खाली, बाबा बोलवतायत तुला."

"थांब गं, आत्ता उठता येणार नाही."

तिने पुन्हा हाक मारली नाही. बाबांनी डोळे मिटले होते, तिला वाटलं झोप लागली. मी तास पुरा केला, फाइल जपून ठेवली, मग उतरले. बाबा गेले होते. काय हवं होतं, आईलाही ठाऊक नव्हतं. तिला बोलव, एवढंच म्हणाले होते.

मला रडू आलं नाही. शेजारणीने चहा आणला, तो प्यायले. आठवड्याने माझ्या पीएचडीच्या गाईडचा फोन आला, इतकी स्वच्छ नोंद आपल्याकडे आजवर नव्हती. बरं, म्हटलं. दात काढताना गाल बधिर होतो, तशी मी अख्खीच झाले होते.

तेराव्यानंतर आई गुडघे धरत माडीवर आली. "काय बघत होतीस ते दाखव."

मी तो तास लावला. तिने शेवटपर्यंत बघितला. मग विचारलं, "मी हाक मारली तेव्हा ह्यातलं कुठलं?"

आमच्या कामात सगळं वेळेसकट लिहून ठेवतात, ढग, वारा, आवाज. वही उघडली. माझ्याच अक्षरात होतं, घरातून हाक, व्यत्यय किरकोळ. त्या वेळेची चमक शोधून मी चित्र थांबवलं.

आई वाकून बघत राहिली.

"केवढंसं तर आहे," ती म्हणाली.

त्या डागात आपली अख्खी पृथ्वी मावली असती. ते मी बोलले नाही. म्हटलं, "हो गं, केवढंसंच आहे."