बसवून घेता का?

म्हसवडच्या स्टँडवर आबा मला सोडायला आले ते खांद्यावर घोंगडी टाकूनच. दिवस उन्हाळ्याचे होते, पण घोंगडीशिवाय घर सोडायचं असतं हे त्यांच्या मनाला कधी पटलंच नाही, मग प्रवास दुसऱ्याचा असला तरी. मिरजेत नर्सिंग शिकून मी इंग्लंडला निघाले होते. आई रडत रडत बॅगेत शेंगदाण्याची चटणी कोंबत होती. आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "परक्या शिवंत पाय टाकायच्या आदी इचारायचं, बसवून घेता का म्हणून. व्हय म्हणलं तर बसायचं. न्हाई म्हणलं तर म्होरं चालायचं. भांडत बसायचं न्हाई." कंडक्टरनं घंटी मारली आणि मला हसू आलं. व्हिसाचा शिक्का हातात होता, आता कुणाला काय विचारायचं राहिलं होतं?

आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आमच्या माण तालुक्यात गवताची काडी उरत नसे. मग वाडा, म्हणजे चार-सहा घरांची मिळून मेंढरं, कृष्णाकाठाकडे निघायचा. तिकडचे बागायतदार रात्रभर रानात मेंढरं बसवून घेत. रानाला लेंडीखत मिळे, आम्हाला धान्य. पण उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात दर वर्षी दोन तट पडत. अर्ध्यांना खत हवं असे, अर्धे म्हणत, ह्यांची मेंढरं बांध खातात, ह्यांना शिवेच्या आत घेऊ नका. गाव चावडीवर भांडायचं आणि आम्ही ओढ्यापलीकडे मेंढरं धरून उभे. निकाल आमचा, पण आम्हाला विचारायला कोणी यायचं नाही. आत घेतलं तर आई बांधाकडेला तीन दगड मांडून चूल करायची. निघताना राख भरून टाकायची, पण दगड हलवायची नाही. "मागनं येणाऱ्याला लागत्यात," म्हणायची. मागून कोण येणार हे तिला कुठं माहीत असायचं?

इंग्लंडमधलं आमचं गाव लहान. एक इस्पितळ, एक बाजारपेठ आणि बाहेर टेकड्यांवर मेंढरंच मेंढरं. ती बघून पहिल्या महिन्यात मी बसथांब्यावर ढसाढसा रडले होते. पुढं लग्न झालं आणि नवरा, विलास, पलूसहून माझ्याकडे आला. बायकोच्या घरी नांदायला आलेला मीच पहिला जावई, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा, आणि अजून सांगतो. तो इथली बस चालवतो. शेजारी दानुता राहायची, पोलंडची. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. आपल्याकडची द्राक्षं यायला लागली की एखादी पेटी कुंपणावरून पुढं करायची आणि म्हणायची, "घे, तुझ्या दिराची." विलासच्या भावाची पलूसला द्राक्षबाग आहे, हे तिला माहीत होतं. माझी लेक आणि तिचा मुलगा एका वर्गात. माझी ड्युटी असली की दोघांना शाळेतून ती आणायची, तिची शिफ्ट असली की मी. माझ्या लेकीला वरण-भात आणि बिटाचं सूप दोन्ही घरचंच वाटायचं.

मग ते मतदान आलं. युरोपातल्या देशांचा एक संघ होता. त्यात मालाला जकात नव्हती आणि माणसांना कुठंही जाऊन राहायची मोकळीक होती. इंग्लंडनं त्यात राहायचं की बाहेर पडायचं, हा सवाल होता. आमच्या गल्लीत खिडक्या-खिडक्यांत पाट्या लागल्या, एकीत 'राहा', दुसरीत 'निघा'. इस्पितळात चहाच्या खोलीत माणसं टेबल बदलून बसायला लागली. फोनवर मी आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हंजी इंग्लंड येगळं निघतंय व्हय? निघू दे. चूल येगळी हुती, पर पाण्याच्या पाळीचं काय ठरलंय?" पुढारी पुढं कित्येक वर्षं त्याच प्रश्नाशी झगडत राहिले.

गंमत अशी की आम्हाला मत होतं. भारत कॉमनवेल्थमधला, म्हणून इथं राहणाऱ्या भारतीयांना मत, आणि जिच्या राहण्याचाच प्रश्न होता त्या दानुताला नाही. मला एकदम तो ओढा आठवला. फक्त या वेळी मी चावडीवर बसले होते आणि मेंढरं धरून पलीकडे दुसरंच कोणी उभं होतं.

मी 'राहा' म्हणणार होते. विलास 'निघा'. आमच्या घरातही दोन तट. "आपण इंग्रजीची परीक्षा द्यायची, कागद करून करून बोटं झिजवायची, आन् ह्यांनी नुसतं बसमधनं उतरायचं? लय झालं," तो म्हणायचा. "ह्यांची वाट बंद झाली की आपल्या पोरांची उघडंल. अक्षयला आणायचाय मला." अक्षय हा त्याचा पलूसचा पुतण्या. विलास खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग यायचा. मतदानाच्या दिवशी सकाळी त्यानं कुंपणापाशी जाऊन दानुताला सरळ सांगितलं, मी 'निघा'ला मत देणार आहे. ती कपडे वाळत घालत होती. "निदान तू सांगितलंस तरी," ती म्हणाली, आणि दुपारी नेहमीसारखी आमच्या लेकीला शाळेतून घेऊन आली.

निकाल 'निघा'चा लागला. काही दिवसांनी विलास कामावरून आला आणि ताटावर नुसताच बसून राहिला. दानुता त्याच्या बसमध्ये होती. फोनवर तिच्या भाषेत आईशी बोलत होती. एक माणूस तिला म्हणाला, मतदान झालं, आता सामान बांध. "मग तू काय केलंस?" मी विचारलं. विलास म्हणाला, "मी काय करणार, गाडी चालवत होतो. पर त्यानं आरशातनं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला गं. म्हंजी मी त्याचाच माणूस." त्या दिवशी तो जेवला नाही. मीही त्याला आग्रह केला नाही.

दानुताला राहायचा कागद मिळाला होता. तरी काही वर्षांनी तिनं निघायचं ठरवलं. "कागद आहे," ती म्हणाली, "पण दुकानात तोंड उघडायच्या आधी मी आजूबाजूला बघते. असं किती दिवस राहायचं?" मला तिला थांब म्हणायचं होतं. कोणत्या हक्कानं म्हणणार? मी फक्त तिची भांडी कागदात गुंडाळत बसले.

आणि विलासचंही खरं झालं. वाट उघडली. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायच्या नोकरीवर अक्षय आला, बायको पूजाला घेऊन, आणि दानुताचंच घर त्यांना भाड्यानं मिळालं. किल्ली तिनं आदल्याच दिवशी जाताना माझ्याकडे ठेवली होती. आम्ही दार उघडलं. घर रिकामं, फरशी पुसलेली, शेगडी घासून लख्ख. ओट्यावर स्वच्छ फडक्यात एक पाव आणि वाटीत मीठ. नव्या बिऱ्हाडाला पाव आणि मीठ द्यायची त्यांच्याकडची रीत, असं तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मला आईचे तीन दगड दिसले.

पूजा पाव मोडायला गेली. विलासनं तिचा हात धरला. "थांब गं," तो म्हणाला, "हे मीठ मी कुठल्या तोंडानं खाऊ?" मग बराच वेळ तो मागच्या दारात कुंपणाकडे तोंड करून उभा होता. शेवटी आत आला आणि सगळ्यांच्या आधी त्यानंच तुकडा मोडला.

आता पुन्हा मतं मागायला दारोदार माणसं फिरताहेत. या वेळी बोलणं अक्षयसारख्यांबद्दल आहे. नियम पुन्हा बदलणार, म्हणतात. पूजा मला विचारते, "काकी, आमालाबी घालवत्यात का वं?" मी मोबाईलवर बातम्या बघते, ठेवते, परत बघते. माझा तर आता पासपोर्टही इथलाच आहे. तरी कुंपणाबाहेर कोणी मोठ्यानं बोललं की कान टवकारतात. म्हसवडला गेले तर भेटणारा प्रत्येक जण आधी विचारतो, कवा आलीस, आणि लगेच, कवा जाणार. दानुता तिच्या गावी परतली, तर तिथली पोरं तिला 'इंग्लंडवाली' म्हणतात. तिचा निरोप येतो तेव्हा आम्ही दोघी खळखळून हसतो.

आबा आता वाड्याबरोबर जात नाहीत, गुडघे धरलेत. फोनवर त्यांचा प्रश्न मात्र ठरलेला. "अजून बसवून घेत्यात न्हवं?" मी इतकी वर्षं म्हणत आले, "घेत्यात, आबा." परवाही मी तेच म्हणाले. फोन स्पीकरवर होता, विलास शेजारी लसूण सोलत होता. आबा म्हणाले, "लय वरसं झाली की गं तुमाला तितं. आता शीव तुमचीबी हाय. तुमी कुणाला बसवून घेता का न्हाई?"

मी काही बोलायच्या आत विलास फोनजवळ वाकला. "आवं मामा," तो म्हणाला, "मी एकदा न्हाई म्हणलो हुतो."

बातम्या चालू असलेला दुसरा मोबाईल मी पालथा घातला. घर म्हणजे जिथून निघाले ते, असं मला परवापर्यंत वाटायचं. जिथं आपल्याला कुणी 'बसवून घेता का' विचारतं, तेही घरच.